व्हिडिओचे रंग आणि उजेड सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत लग्नसमारंभ, यात्रा, कुस्तीची मैदाने आणि शाळांची स्नेहसंमेलने यांचे चित्रीकरण करणारे बहुतेक जण आता संपादनही स्वतःच करतात. कॅमेऱ्यावर हात बसलेला असतो. परंतु संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील रंगांचे पान उघडले की कोणती पट्टी कशासाठी हलवायची, हे चटकन उमगत नाही. अशा मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती कोणत्याही एका सॉफ्टवेअरपुरती नाहीत. जेथे नाव घेतल्याशिवाय मुद्दा कळणार नाही, तेथेच ते घेतले आहे.

चित्र अंधारे आले आहे. ब्राइटनेस वाढवली की ते उजळते, पण धुरकट का दिसू लागते?

ब्राइटनेस नावाची साधी पट्टी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकच काम करते: चित्रातील प्रत्येक बिंदूच्या मूल्यात ती सारखीच भर घालते. त्यामुळे चेहरा जेवढा उजळतो तेवढाच केसांचा आणि कोटाचा काळा रंगही वर उचलला जातो, तो राखाडी होतो आणि डोळ्यांना धूर पसरल्यासारखे वाटते. वरच्या टोकाला याच्या उलट अडचण येते. पांढरे सदरे आणि फेटे आधीच कमाल मूल्याच्या जवळ असतात. त्यात भर पडली की ते मर्यादेला जाऊन टेकतात आणि कापडाच्या चुण्या नाहीशा होतात.

एक्स्पोजर किंवा गेन ही पट्टी बेरीज करत नाही, गुणाकार करते. शून्याला कितीही पटीने गुणले तरी शून्यच राहत असल्यामुळे काळा रंग जागेवर राहतो आणि उजळ भाग मात्र झपाट्याने वर जातो. एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे होय. गॅमा ही पट्टी काळे आणि पांढरे ही दोन्ही टोके धरून ठेवते आणि मधल्या छटा तेवढ्या वर किंवा खाली सरकवते. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्यांचे चेहरे काळवंडले असतील, तर खिडकीतला उजेड न बिघडवता ते उजळवण्याचे काम गॅमाच करू शकते. म्हणून अंधाऱ्या चित्रात हात प्रथम गॅमाकडे जावा, नंतर गेनकडे, आणि ब्राइटनेसकडे शक्यतो जाऊच नये. दाविंची रिझॉल्व्हमध्ये हीच साधने लिफ्ट, गॅमा आणि गेन या नावांच्या चक्रांच्या रूपात मिळतात, तर प्रीमिअर प्रोच्या ल्युमेट्री पॅनेलमधील चक्रांना शॅडोज, मिडटोन्स आणि हायलाइट्स अशी नावे आहेत. गणित नेमके सारखे नसले, तरी हेतू तोच आहे.

यातली कोणतीही पट्टी कॅमेऱ्याने न नोंदवलेली गोष्ट निर्माण करत नाही. पांढरा शुभ्र होऊन जळालेला भाग खाली ओढला, तर तेथे तपशील परत येत नाही, फक्त पांढऱ्याचा राखाडी होतो. अंधारात बुडालेला भाग फार वर उचलला, तर तपशिलाआधी दाणे, म्हणजे ठिपक्यांची खरखर (नॉइज), वर येतात.

कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे?

आधी उजेड, मग कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतील फरक), त्यानंतर व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा तोल), मग सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) आणि सर्वांत शेवटी हवी असलेली शैली, हा क्रम बहुतेक वेळा योग्य ठरतो. त्याला कारण आहे. उजेड बदलला की रंगाची तीव्रताही बदललेली भासते आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशन आपोआप चढते. आधी साडीचा हिरवा रंग मनासारखा करून ठेवला आणि नंतर कॉन्ट्रास्ट हलवला, तर ते सगळे काम पुन्हा करावे लागते. दाणे काढण्याचे साधन वापरायचे असेल, तर ते सर्वांच्या आधी लावावे, कारण नंतरची प्रत्येक पायरी दाण्यांनाही ताणत असते.

दुरुस्ती आणि शैली ही दोन कामे एकाच थरात मिसळू नयेत. प्रत्येक क्लिपची दुरुस्ती त्या क्लिपवर करावी आणि संपूर्ण प्रसंगाला द्यायची उबदार किंवा थंड छटा वर एका वेगळ्या ॲडजस्टमेंट लेयरवर (खालच्या सर्व क्लिपना लागू होणाऱ्या थरावर), किंवा रिझॉल्व्हमध्ये वेगळ्या नोडवर (परिणामांच्या साखळीतील एका कडीवर) ठेवावी. यजमानांनी ‘रंग जरा साधेच ठेवा’ असे सांगितले, तर तो एक थर बंद करून काम भागते.

डोळ्यांनी दिसत असताना वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप पाहण्याची गरज काय?

डोळा तुलना उत्तम करतो, मोजमाप मात्र करत नाही. दहा मिनिटे पिवळसर चित्र पाहिले की तेच पांढरे वाटू लागते आणि त्यानंतर योग्य चित्र समोर आले, तर ते निळे भासते. रात्री अंधाऱ्या खोलीत काम केले की चित्र जास्त उजळ वाटते आणि आपण ते नकळत गडद करून ठेवतो. वेव्हफॉर्म, व्हेक्टरस्कोप यांसारख्या मोजमापाच्या आलेखांना, म्हणजे स्कोपना, अशी सवय लागत नाही.

वेव्हफॉर्ममध्ये आडवी दिशा चित्राच्या डाव्या-उजव्या बाजूशी जुळते आणि उंची म्हणजे उजेड. तळाशी ० म्हणजे काळा आणि वर १०० म्हणजे पांढरा असे धरले, तर नेहमीच्या प्रकाशातील गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याचा उजळ भाग माझ्या मते साधारण ४५ ते ६० च्या दरम्यान असावा. परदेशी शिकवण्यांत सांगितला जाणारा ७० चा आकडा गोऱ्या कातडीसाठी असतो. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावल्यामुळे कितीतरी नवरानवरींचे चेहरे पावडर थापल्यासारखे दिसतात. आकडा हा नियम नव्हे, परंतु एकाच प्रसंगातील सर्व शॉट्समध्ये तोच चेहरा एकाच उंचीवर असणे, हे मात्र पाळावेच.

आरजीबी परेडमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग शेजारी-शेजारी दिसतात. चित्रातील पांढरे धोतर किंवा चुना दिलेली भिंत तिन्ही ठिकाणी सारख्या उंचीवर असेल, तर व्हाइट बॅलन्स बरोबर आहे. निळा खाली पडला असेल, तर चित्र पिवळे झाले आहे. व्हेक्टरस्कोप उजेड दाखवत नाही. मध्यापासूनचे अंतर म्हणजे सॅच्युरेशन आणि दिशा म्हणजे रंग. लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी एक रेषा त्यावर असते आणि माणसांच्या त्वचेचा रंग, गोरा असो वा काळा, साधारण या रेषेच्या आसपास पडतो, कारण वर्णावर्णांतील मोठा फरक उजेडाचा आणि तीव्रतेचा असतो, दिशेचा फारसा नसतो. चेहऱ्यापुरता मास्क, म्हणजे परिणाम ठरावीक भागापुरता ठेवणारा आकार, लावून ही रेषा तपासणे, एवढी एकच सवय लावून घेतली तरी निम्मे काम सुधारते.

रंगीत कापडाच्या मांडवाखाली सगळ्यांचे चेहरे पिवळे किंवा गुलाबी येतात. हे कसे दुरुस्त करावे?

दुपारचे ऊन पिवळ्या किंवा केशरी कापडातून गाळून येते, तेव्हा ते कापड एखाद्या फिल्टरसारखे निळा प्रकाश अडवून धरते. परेडमध्ये निळा रंग तिन्हींत खाली बसलेला दिसतो. सुरुवातीला टेम्परेचरची पट्टी निळ्याकडे न्यावी आणि पांढऱ्या वस्तूवर परेड जुळवावी. परंतु मांडवाच्या कडेला उघडे आकाश किंवा रस्ता दिसत असेल, तर तो भाग आता निळा पडतो, कारण तेथे प्रकाश मुळात पिवळा नव्हताच. अशा वेळी दुरुस्ती मांडवाच्या भागापुरत्या मास्कमध्ये करावी आणि मास्कची कड भरपूर मऊ ठेवावी. कॅमेरा हलत असेल, तर मास्कला ट्रॅकिंग लावावे, म्हणजे तो त्या भागाबरोबर सरकतो.

पिवळेपणा पूर्णपणे काढू नये, असे माझे मत आहे. तेथे बसलेल्या प्रत्येकाला तो उजेड तसाच आठवत असतो. शंभर टक्के पांढरा केलेला मांडव दवाखान्यासारखा दिसतो. साधारण दोन तृतीयांश दुरुस्ती करून थांबावे.

हळदीच्या कार्यक्रमात आणखी एक गफलत होते. हळद लावलेला चेहरा खरोखरच पिवळा असतो. व्हेक्टरस्कोपवर तो रेषेपासून पिवळ्याकडे झुकलेला दिसणारच आणि तो ओढून रेषेवर आणला, तर हळदच पुसली जाते. तेथे संदर्भासाठी नवरीचा चेहरा न घेता हळद न लागलेल्या एखाद्या नातेवाइकाचा हात, दात किंवा पांढरे कापड घ्यावे. ऑटो व्हाइट बॅलन्सवर चित्रीकरण केले असेल, तर नवरी फ्रेममध्ये जवळ येताच कॅमेरा स्वतःहून निळसर होत जातो आणि एकाच क्लिपमध्ये रंग सरकत राहतो. कीफ्रेम लावून, म्हणजे वेगवेगळ्या क्षणी वेगळे मूल्य नेमून, ते सावरता येते, पण काम किचकट आहे. दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगतापमानाचे एकक) आणि पिवळ्या हॅलोजन दिव्यांना ३२०० केल्व्हिन असा आकडा चित्रीकरणाच्या वेळीच पक्का करून ठेवणे कितीतरी सोपे.

कुस्तीच्या मैदानात पैलवान आणि तांबडी माती एकाच रंगाची दिसते. फक्त पैलवान उठून कसा दिसेल?

खासबागेत किंवा गावच्या मैदानात कुस्ती चित्रित करणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो आणि तो खरोखर अवघड आहे. हळद, ताक, तेल घालून मळलेली तांबडी माती आणि घामाने चमकणारी त्वचा या दोन्हींचा रंग व्हेक्टरस्कोपवर जवळजवळ एकाच दिशेला पडतो. शिवाय कुस्ती रंगली की ती माती पैलवानांच्या अंगालाच लागलेली असते आणि जमिनीवरून उडालेला लालसर प्रकाश हनुवटीखाली, दंडाखाली पसरलेला असतो. त्यामुळे रंग निवडून वेगळा करणारे साधन, ज्याला रिझॉल्व्हमध्ये क्वालिफायर आणि प्रीमिअरमध्ये एचएसएल सेकंडरी म्हणतात, ते केवळ रंगाच्या आधारे येथे चालत नाही. ते त्वचा निवडायला जाते आणि अर्धे मैदान उचलून आणते.

तीन गोष्टी एकत्र केल्यास मार्ग निघतो. निवड करताना रंगाची पट्टी जशी आहे तशी ठेवावी, पण उजेडाची मर्यादा अरुंद करावी, कारण उन्हातील किंवा दिव्याखालील ओले अंग कोरड्या मातीपेक्षा सहसा जास्त चमकते. दुसरे, दोन्ही पैलवानांभोवती एक मोठा, मऊ कडेचा गोल मास्क लावून तो ट्रॅक करावा. घट्ट मास्क लावण्याच्या नादी लागू नये, कारण डाव बदलला की ट्रॅकिंग सुटते आणि उजेडाचा ठिपका मातीवर एकटाच राहतो. तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचे म्हणजे पैलवानाला उजळवण्याऐवजी मास्कच्या बाहेरची माती थोडी गडद आणि किंचित कमी तीव्र करावी. डोळा आपोआप उजळ भागाकडे जातो आणि त्वचेवर कोणताही प्रयोग झालेला नसल्यामुळे ती नैसर्गिक राहते.

मातीचा तांबडा रंग मात्र जपावा. बहुतेक कॅमेरे ऑटो व्हाइट बॅलन्सवर एवढी लाल जमीन पाहून गोंधळतात आणि तिला तपकिरी करून टाकतात. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ते ताबडतोब खटकते.

जोतिबाच्या यात्रेतील गुलालाचे चित्रीकरण डाग पडल्यासारखे का दिसते?

गुलालाचा गुलाबी रंग इतका तीव्र असतो की चैत्र यात्रेत सासनकाठ्यांवर तो उधळला जात असताना लाल रंगाची नोंद एकटीच कमाल मर्यादेला जाऊन टेकते. एकूण उजेड दाखवणारा वेव्हफॉर्म त्या वेळी सुरक्षित दिसतो, म्हणून येथे परेडच पाहिली पाहिजे. लाल रंग मर्यादेला टेकला की गुलालातील घड्या, ढग, माणसांच्या अंगावरचे थर असे सगळे भेद एकाच सपाट गुलाबीत विरून जातात.

दुसरे कारण फाइलच्या रचनेत आहे. मोबाइल आणि बहुतेक साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने नोंद करतात. म्हणजे १९२० × १०८० च्या चित्रात उजेडाची माहिती पूर्ण असते, पण रंगाची माहिती फक्त ९६० × ५४० एवढीच असते. एरवी हे कळत नाही. तीव्र गुलाबी आणि निळ्या आकाशाच्या सीमेवर मात्र ती कड चौकोनी आणि पाझरलेली दिसते आणि सॅच्युरेशन वाढवले की अधिकच उघडी पडते.

उपाय असा की संपूर्ण चित्राचे सॅच्युरेशन न हलवता ह्यू (रंगछटा) आणि सॅच्युरेशनच्या वक्ररेषेवर फक्त गुलाबी-किरमिजी भाग निवडून त्याची तीव्रता उतरवावी, परेडमधील लाल मर्यादेखाली येईपर्यंत. गुलाल कमी रंगीत होईल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात त्यातील छटा परत दिसू लागल्यामुळे तो जास्त खरा वाटतो. नोंद करतानाच लाल पूर्ण कापला गेला असेल, तर मात्र हा उपाय तोकडा पडतो. हवेत उडालेल्या गुलालामुळे चेहऱ्यांवर येणारी गुलाबी झाक काढू नये.

लग्नाच्या हॉलमधील निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांखाली चेहरा ओळखू येत नाही. व्हाइट बॅलन्सने तो सुधारेल का?

सुधारणार नाही. व्हाइट बॅलन्स हा तिन्ही रंगांचे प्रमाण बदलतो. पण शुद्ध निळ्या एलईडीच्या उजेडात लाल जवळजवळ नसतोच आणि नसलेल्या रंगाला कितीही पटीने वाढवले तरी हाती दाणेच लागतात. अशा शॉटमध्ये निळ्याचे सॅच्युरेशन उतरवावे, निळा रंग मर्यादेला टेकला असेल तर त्याचा उजेड कमी करावा, आणि चॅनेल मिक्सर (लाल, हिरवा, निळा यांची माहिती एकमेकांत मिसळणारे साधन) वापरून हिरव्यातील थोडा तपशील निळ्यात मिसळावा, म्हणजे नाक-डोळ्यांची ठेवण तरी दिसते. फारच बिघडलेला शॉट असेल, तर तो कृष्णधवल करून गाण्याच्या तुकड्यात बसवणे हा पळपुटेपणा नव्हे. व्यासपीठावरच्या माणसांवर समोरून एक साधा पांढरा दिवा टाकण्याची विनंती हॉलच्या व्यवस्थापकांना आधीच केलेली असेल, तर ही वेळच येत नाही.

याच हॉलमध्ये चित्रावर वरून खाली सरकणारे काळे पट्टे दिसत असतील, तर तो रंगाचा प्रश्न नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास असे पट्टे सहसा येत नाहीत. काही स्वस्त एलईडी मात्र स्वतःच्या वेगळ्या गतीने लुकलुकतात आणि त्यांच्यासाठी शटर थोडे-थोडे बदलून पाहावे लागते.

पन्हाळ्यावरच्या धुक्यातील चित्रीकरण फिकट आले आहे. डीहेझ, म्हणजे धूसरपणा काढणारे साधन, लावावे का?

लावू नये. ते धुकेच आहे. काळ्या टोकाला किंचित खाली घ्यावे आणि पुढच्या शॉटकडे वळावे.

आयफोनवरील व्हिडिओ फोनमध्ये सुंदर दिसतो, पण टाइमलाइनवर घेतला की जळालेला का दिसतो?

आयफोन १२ पासूनचे फोन डॉल्बी व्हिजन एचडीआर पद्धतीने व्हिडिओ नोंदवू शकतात आणि ही सोय अनेकदा चालूच असते. अशा फाइलमधील उजळ भाग साध्या टीव्हीच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतात. लग्नाच्या व्हिडिओची टाइमलाइन मात्र बहुधा रेक. ७०९ या साध्या रंगावकाशाची (साध्या टीव्हीसाठी ठरलेल्या रंगमर्यादेची) असते. सॉफ्टवेअरने दोहोंमधले रूपांतर केले नाही, तर पांढरे कपडे एकसारखे पांढरे होतात आणि चेहरे केशरी दिसतात.

यावर एक्स्पोजर खाली ओढणे हा उपाय नव्हे. क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन रंगावकाश योग्य ओळखला गेला आहे का ते पाहावे आणि टोन मॅपिंग, म्हणजे जास्तीचा उजेड साध्या मर्यादेत बसवणे, चालू करावे. रिझॉल्व्हमध्ये हे काम कलर मॅनेजमेंट किंवा कलर स्पेस ट्रान्सफॉर्म या साधनाने होते. येथे माहिती गेलेली नसते, ती केवळ चुकीच्या चौकटीत वाचली गेलेली असते, म्हणून दुरुस्ती झाल्यावर चित्र पूर्णपणे परत येते. पुढच्या कामासाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या भागातील एचडीआर बंद करून ठेवावे, विशेषतः दुसरा कॅमेरा साधा असेल तर.

रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताच्या आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे पडतात. ते कसे घालवावेत?

आठ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या जास्तीत जास्त २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १०२४. केशरीपासून जांभळ्यापर्यंत हळूहळू विरत जाणारे आकाश म्हणजे फ्रेमचा मोठा भाग व्यापणारा, पण फार थोड्या पायऱ्यांत मावलेला बदल असतो. त्यात कॉन्ट्रास्ट वाढवला की त्या थोड्या पायऱ्या एकमेकींपासून दूर ताणल्या जातात आणि पट्टे उघड दिसतात. प्रकल्प दहा बिटचा केल्याने आठ बिटच्या फाइलमध्ये नव्या पायऱ्या येत नाहीत, हे लक्षात घ्यावे. मात्र पुढची गणिते अचूक होतात, एवढा लाभ निश्चित आहे.

आकाशावरचा कॉन्ट्रास्ट मास्कने कमी करावा आणि त्यावर अतिशय हलके दाणे, म्हणजे ग्रेन, पसरावेत. दाण्यांमुळे पायऱ्यांची कड तुटते आणि डोळ्याला ती सलग वाटते. अंतिम फाइल व्हॉट्सॲपवर जाणार असेल, तर मात्र तेथील कॉम्प्रेशन हे दाणे खाऊन टाकते आणि पट्टे पुन्हा डोके वर काढतात. अशा प्रतीसाठी आकाश मुळातच सौम्य ठेवलेले बरे.

तयार लट विकत घ्यावेत का?

लट (LUT) म्हणजे ‘या रंगाच्या जागी तो रंग ठेव’ असे सांगणारा एक ठरावीक तक्ता आहे. नेहमीच्या ३३ बिंदूंच्या लटमध्ये ३३ × ३३ × ३३, म्हणजे ३५,९३७ नोंदी असतात आणि मधले रंग सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. हा तक्ता तुमचे चित्र पाहत नाही. तो अंधाऱ्या शॉटलाही तेच करतो आणि उजळ शॉटलाही तेच. म्हणून दुरुस्तीआधी लट लावला की एक शॉट देखणा आणि पुढचा भयाण, असा अनुभव येतो.

लटचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. एस-लॉग ३ किंवा व्ही-लॉगसारख्या फिकट नोंदीचे साध्या रंगात रूपांतर करणारे तांत्रिक लट कॅमेऱ्याच्या उत्पादकाकडून मोफत मिळतात आणि ते त्या-त्या लॉगसाठीच वापरायचे असतात. दुसरे शैलीचे लट. त्यातील बरेचसे सावल्या निळसर-हिरव्या आणि चेहरे केशरी करण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडचा हिरवा शालू त्यात काळपट पडतो आणि कोल्हापुरी साजाचे सोने तांब्यासारखे दिसते. विकत घ्यायचेच असतील, तर आधी शालू, सोने आणि सावळा चेहरा हे तिन्ही असलेल्या एका शॉटवर नमुना लावून पाहावा. लावताना तीव्रता ३० ते ४० टक्क्यांवर ठेवावी.

दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळत नाहीत. कोणता कॅमेरा प्रमाण मानावा?

ज्याची नोंद कमी लवचीक, तो प्रमाण मानावा. मोबाइलचे चित्र फारसे ताणता येत नाही, कॅमेऱ्याचे येते; म्हणून मोबाइलचा शॉट नीट करून घ्यावा आणि मोठ्या कॅमेऱ्याला त्याच्याकडे आणावे. दोन्ही शॉट पडद्यावर शेजारी ठेवून आधी काळे, मग पांढरे, मग मधल्या छटा परेडमध्ये जुळवाव्यात. सॉफ्टवेअरमधील आपोआप रंग जुळवणारे बटण सुरुवातीपुरते ठीक असते, पण एका शॉटमध्ये लाल शामियाना आणि दुसऱ्यात हिरवे उसाचे शेत असेल, तर ते शेताला लाल करू पाहते.

फेड आणि फ्लॅश यांसारखे उजेडाचे परिणाम कसे द्यावेत?

काळ्यात विरत जाणारा शेवट देण्यासाठी ब्राइटनेसला कीफ्रेम लावण्यापेक्षा क्लिपची ओपॅसिटी १०० वरून ० वर आणावी. ब्राइटनेस उतरवल्यास गडद भाग आधी नाहीसे होतात आणि पांढरे कपडे शेवटपर्यंत रेंगाळतात. पांढऱ्या फ्लॅशसाठी गेनला तीन-चार फ्रेममध्ये चढवून तितक्याच फ्रेममध्ये उतरवावे. डॉल्बीच्या ठोक्यावर सलग फ्लॅश लावण्याची हौस सर्वांना असते, परंतु एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश येऊ देऊ नयेत. प्रकाशामुळे झटका येणाऱ्या व्यक्तींना त्यापुढे धोका असतो आणि लग्नाचा व्हिडिओ कोण पाहील हे आपल्या हातात नसते.

कृष्णधवल करताना सॅच्युरेशन शून्यावर आणणे पुरेसे आहे का?

चालते, पण निकाल सपाट येतो. उजेडाचे गणित करताना रेक. ७०९ मध्ये हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला अवघे ७ टक्के वजन असते. भिन्न रंगांच्या दोन साड्या त्यामुळे एकाच राखाडी रंगाच्या होऊ शकतात. चॅनेल मिक्सरने हे वजन स्वतः ठरवावे: लाल वाढवला तर त्वचा नितळ आणि उजळ होते, निळा वाढवला तर चेहऱ्याची प्रत्येक रेघ ठळक होते.

बाबूराव पेंटर कोल्हापुरात मूकपट काढू लागले, त्या काळी सर्रास मिळणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल ओठ तिच्यावर काळे उमटत. जुन्या मूकपटासारखी छाप हवी असेल, तर लाल वजन शून्याजवळ न्यावे आणि हिरवा-निळा वाढवावा. खोटे ओरखडे आणि थरथर घालण्याची गरज उरत नाही.

माझ्या संगणकावर चित्र चांगले दिसते, पण टीव्हीवर फिकट किंवा फार गडद दिसते. असे का होते?

याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पातळ्यांचा गोंधळ. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवण्याची पद्धत आहे, तर संगणकाचा पडदा ० ते २५५ वापरतो. व्हिडिओच्या पातळीची फाइल कोणी पूर्ण पातळीची समजून दाखवली, तर काळा राखाडी होतो. उलट घडले, तर सावल्या बुजतात. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये ही पातळी ऑटोवर किंवा व्हिडिओवर ठेवावी आणि टीव्हीच्या मेनूतील एचडीएमआय रेंजही तपासावी. मॅकवरील क्विकटाइम प्लेअर रेक. ७०९ ची फाइल इतर प्लेअरपेक्षा थोडी फिकट दाखवतो. तेवढ्यावरून ग्रेडिंग, म्हणजे केलेले रंगांचे काम, बदलू नये.

टीव्हीचा व्हिव्हिड मोड हे दुसरे कारण. यजमानांच्या घरी पेन ड्राइव्ह लावताना तो सिनेमा किंवा स्टँडर्डवर नेऊन दाखवावा. कामाच्या खोलीत पडद्यावर थेट ऊन येऊ देऊ नये, मागच्या भिंतीवर सुमारे ६५०० केल्व्हिनचा मंद पांढरा दिवा ठेवावा आणि पडद्याची ब्राइटनेस रोज बदलू नये.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

सुरुवातीला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. ३८४० × २१६० पर्यंतचे काम तीत होते, दाणे काढण्याचे साधन मात्र सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतच मिळते. ग्राफिक्स कार्ड साधे असेल, तर ती जड जाते. अशा संगणकावर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर वापरावीत. वेव्हफॉर्म, व्हेक्टरस्कोप आणि रंगांची चक्रे दोन्हींत आहेत.

आई-वडिलांच्या लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट डिजिटल केली आहे. तिचे रंग परत येतील का?

काही प्रमाणात येतील. व्हीएचएसमध्ये उजेडाचा तपशील सुमारे २४० रेषांचा आणि रंगाचा त्याहून कितीतरी कमी असतो, त्यामुळे लाल शालूचा रंग पदराबाहेर पाझरलेला दिसतो. उजेड आणि रंग वेगवेगळे हलवता येत असतील, तर रंगाचा थर किंचित डावीकडे आणि वर सरकवून ही कड बरीच सुधारते. सॅच्युरेशन वाढवण्याचा मोह येथे टाळावा. आधी तळाचा राखाडी झालेला काळा खाली आणावा, तेवढ्यानेच रंग ताजे वाटू लागतात.

कॅसेटवरून आलेली फाइल ७२० × ५७६ ची आणि रेक. ६०१ च्या रंगगणिताची असते. सॉफ्टवेअरने ती रेक. ७०९ समजून वाचली, तर हिरवे आणि लाल रंग थोडे सरकतात; म्हणून हाताने दुरुस्ती सुरू करण्याआधी क्लिपच्या गुणधर्मांत ही नोंद पाहावी. चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषांच्या दोन भागांत नोंदलेले, असल्याने ते भाग जोडणारे डीइंटरलेस प्रथम करावे, मग दाणे काढावेत आणि त्यानंतरच रंगांकडे वळावे. कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल मात्र कोणताही परिणाम न लावता वेगळ्या डिस्कवर ठेवावी, कारण कॅसेट आणखी एकदा चालवल्यावर तीच नोंद पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.